खंडेनवमीचं कुंकू

पंखा फिरला आणि यंत्रानं टेबलावर कुंकू फुंकलं.

फार नव्हतं, चिमूटभर असेल. पण पांढऱ्या टेबलावर चिमूटभर कुंकूही लपत नाही, आणि त्यातलं निम्मं तर समोर बसलेल्या पाहुण्यांच्या फिक्या निळ्या शर्टावर गेलं. पाहुणे तैवानहून आले होते. दोघंही दचकून मागे सरले. त्यांतल्या वयस्कर गृहस्थांनी शर्टावरची लाली बोटानं टिपली, हुंगली आणि अतिशय सभ्यपणे इंग्रजीत विचारलं, "हे तिखट आहे का?"

"नाही, कुंकू आहे," मी म्हटलं.

कुंकू म्हणजे काय हे सांगायला मी तोंड उघडलं, तोच आतून टक्-टक्-टक् असा आवाज यायला लागला. यंत्र माझ्या दोन्ही हातांत होतं. शाळेतल्या जुन्या पाटीएवढं, मध्ये पडदा, आणि दोन्ही अंगांना अंगठ्यांनी फिरवायच्या दोन बुटक्या दांड्या. ज्या खेळांना एरवी टेबलाखाली ठेवायचा मोठा संगणक लागतो, ते मांडीवर घेऊन खेळता यावेत म्हणून आमची चिमुकली कंपनी कितीतरी दिवस राबत होती. त्या दांड्या माझ्या. बाजारातल्या यंत्रांत त्या घासून घासून झिजतात. मग खेळणाऱ्यानं हात काढून घेतला तरी पडद्यावरचा माणूस आपला एकीकडे चालत सुटतो. माझ्या दांडीत घासणारं काही नव्हतंच. तिचं सगळं काम लोहचुंबकावर होतं. तीच पाहायला हे लोक एवढ्या लांबून पुण्याला आले होते.

टकटक थांबली. म्हणजे पंखा थांबला. पडद्यावरचा घोडेस्वार अजून दौडत होता, पण यंत्राची पाठ माझ्या बोटांना तव्यासारखी लागत होती. आणि फार तापलं की असं यंत्र स्वतःचा जीव वाचवायला जे करतं, ते त्यानं केलं. बंद पडलं.

पुन्हा सुरू केलं. पुन्हा पडलं. पाहुण्यांनी चहा घेतला, माझ्या कामाची तारीफ केली, आणि घड्याळाकडे न पाहता उठले. घड्याळाकडे पाहिलं असतं तर मला इतकं लागलं नसतं.

ते गेल्यावर आमचे मालक दिलावर मुजावर सर यांनी यंत्र उघडलं. आत पातळ पत्र्यांची जाळी असते, तिच्यातून गरम हवा बाहेर जाते. त्या पत्र्यांवर लाल थर बसला होता आणि पंख्याच्या पात्याखाली एक अक्षत अडकली होती. कुंकवानं माखलेला अख्खा तांदूळ.

"घरी पूजा होती?" सरांनी विचारलं.

"खंडेनवमी होती."

"मग मला सांगायचं ना केतकी. उघडून फुंकर मारली असती, झालं." त्यांनी तो दाणा चिमट्यानं उचलून टिपकागदावर ठेवला. "आमचे अब्बाही नव्या गाडीला लिंबू बांधतात. इंजिनात घालत नाहीत, एवढंच."

ते हसले. मला हसवायलाच हसले. त्यापेक्षा त्यांनी माझ्यावर ओरडायला हवं होतं.

कारण तो दाणा आत जाताना मी पाहिला होता.

माझं सासर देवरुखचं. सासरे दिगंबरबुवा जोगळेकर, नारदीय कीर्तनकार. आम्ही त्यांना अप्पा म्हणतो. मला कीर्तनाचं वेड लहानपणापासूनचं. टाळ वाजला की माझा पाय रस्ता बदलतो. सलिलशी लग्न ठरत होतं तेव्हा मी मुलापेक्षा सासऱ्यांनाच जास्त ऐकून आले होते, असं सासूबाई, म्हणजे माई, अजून चारचौघांत सांगतात. आणि ते खोटं नाही. सलिल बोटीवर. वर्षातले कितीतरी महिने तो समुद्रात आणि मी पुण्यात. सुट्टी मिळाली की मी देवरुख गाठायची, ते अप्पांच्या कीर्तनासाठी.

आणि त्याच कीर्तनात मला खाली मान घालून बसावं लागायचं. पूर्वरंगात मन चंचल कसं, हे सांगताना अप्पा हमखास दोन्ही अंगठे हवेत नाचवायचे. "देवानं अंगठा दिला तो कशाला? कपाळाला गंध लावायला! आणि आमची मुलं तो कशावर झिजवतायत? खेळण्यावर!" देवळात हशा पिकायचा. मग कुणीतरी वळून माझ्याकडे पाहायचं, कारण बुवांची सून तसलीच खेळणी बनवते हे सगळ्या आळीला ठाऊक. अप्पांच्या मनात वाईट काही नसायचं. घरी ते मला स्वतःच्या हातानं आंबा चिरून द्यायचे. पण माझ्या कामाबद्दल त्यांनी कधी एक शब्द विचारला नाही, आणि मीही कधी काही सांगितलं नाही.

त्या खंडेनवमीला मात्र वेगळंच झालं. चौरंगावर अप्पांची चिपळ्यांची जोडी, झांज, पेटी मांडलेली. माईंनी विळी आणि शिवणयंत्राची कात्री आणून ठेवली. मी ओसरीवर बसून दांड्या तपासत होते. कचेरी बंद होती म्हणून यंत्र मी बरोबरच आणलं होतं. अप्पा सोवळ्यात बाहेर आले आणि माझ्यापुढे उभे राहिले.

"सूनबाई, तुझं साधन कुठाय?"

"माझं?"

"अगं, ज्याच्यावर माणूस जेवतो ते त्याचं साधन. माझ्या चिपळ्या तशी तुझी ही पाटी. आण इकडे."

मी उठले ती कशी उठले मला आठवत नाही. यंत्र त्यांच्या हातांत दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, तान्ह्या मुलाला घ्यावं तसं, आणि चिपळ्यांच्या शेजारी ठेवलं. फुलानं पाणी शिंपडलं. हळद वाहिली. कुंकू वाहिलं, मूठ सैल सोडून, कारण अप्पांना देवापुढे हात आखडता घ्यायचं माहीतच नव्हतं. मग अक्षता. यंत्राच्या माथ्यावर हवा जायची जाळी असते, तिच्यावर त्या पडल्या, आणि एक दाणा घरंगळत आत गेला.

"अप्पा, जाळीवर नको," एवढंच म्हणायचं होतं. पण त्यांनी डोळे मिटले होते. ओठ हलत होते. मंत्रात मध्येच माझं नाव आलं, माझ्या हातांना यश यावं म्हणून. मी हात जोडले.

दसऱ्याला उत्तरपूजा झाल्यावर मी यंत्र उचललं, वरून पुसलं, सुरू करून पाहिलं. छान चाललं. हलक्या कामाला ते तापत नाही, आणि तापल्याशिवाय पंखा फिरत नाही. हे मला माहीत होतं. तरी मी ते तसंच पिशवीत घातलं. उघडून साफ करणं म्हणजे अप्पांची पूजा झटकून टाकल्यासारखं वाटलं मला.

पाहुणे गेले त्या दुपारी अप्पांचा फोन आला. ते स्वतःहून कधी फोन करत नसत, पण पाहुण्यांचा दिवस मी देवरुखहून निघताना सांगितला होता.

"काय झालं गं? मी सकाळपासून देवापाशीच आहे."

कचेरीच्या जिन्यात उभी होते मी. बोटांच्या पेरांना कुंकू लागलेलं होतं.

"छान झालं, अप्पा."

"चाललं ना व्यवस्थित?"

"हो. खूप आवडलं त्यांना."

पलीकडे त्यांनी हाक मारली, "अगं, ऐकलंस का? आपल्या केतकीचं यंत्र चाललं!" मग भांडं पडल्याचा आवाज, आणि माईंचं हसू. मी फोन ठेवला आणि जिन्यातच बसले. रडायला यायला हवं होतं, आलं नाही. ज्यांच्यापाशी रडावं अशा माणसाला मी आताच सांगितलं होतं की सगळं छान झालं.

पाहुण्यांनी पुढे दुसऱ्या कुणाच्या तरी दांड्या घेतल्या. अप्पांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "वेळ लागतो अशा गोष्टींना."

दिवाळीला घरी गेले. पाडव्यानंतर देवळात कार्तिकातली कीर्तनं सुरू झाली. दुपारी चारला बसायचं आणि दिवेलागणीला आरती. पहिल्याच दिवशी अप्पांनी पूर्वरंगाला विषय घेतला साधनाचा. फेटा, उपरणं, गळ्यात झेंडूचा हार. नारदाच्या गादीवर ते उभे राहिले की सासरे राहत नसत. तिथे उभ्या असलेल्याच्या पाया थोरला भाऊसुद्धा पडतो, आणि तिथून निघालेला शब्द खरा मानून आम्ही घरी जातो. माझा तरी आजवर तसाच नेम.

आवाज त्या दिवशी काय लागला होता! निरूपण रंगलं, आणि मग अप्पा थांबले, झांज छातीशी धरली.

"आता मंडळी, एक घरचा दाखला. इतकी वर्षं मी इथे उभा राहून ज्या खेळण्यांना हसलो, तसलं एक यंत्र आमच्या सूनबाईंनी घडवलं. मी म्हटलं, दिगंबरा, चिपळीची पूजा करतोस आणि लेकीच्या साधनाला हसतोस? खंडेनवमीला मी त्याची पूजा केली. कुंकू वाहिलं, अक्षता वाहिल्या. आणि सांगतो, परदेशच्या पाहुण्यांपुढे ते यंत्र असं चाललं, असं चाललं, की पाहुणे थक्क!"

देवळात टाळ्या पडल्या. शेजारच्या गोळेकाकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. अप्पा माझ्याकडे पाहत होते, आणि त्यांचे डोळे भरले होते. मी नमस्काराला हात जोडले ते चेहरा झाकायला. गादीवरून खोटं बोललं गेलं होतं, आणि बोलणाऱ्याच्या तोंडात ते मी घातलं होतं.

आरतीनंतर सगळे पाया पडायला ओळीत उभे राहिले. त्यात बाजारातला शेखर शेट्ये होता. त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं, ते मोडून तो तिथे खेळायच्या संगणकांचं दालन काढत होता.

"बुवा, परवा सकाळी उद्घाटन आहे. पूजा तुमच्याच हातची पाहिजे. सूनबाईंच्या यंत्राची केलीत तश्शी!"

"येतो की," अप्पा म्हणाले. "का नाही?"

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात मी माईंना सगळं सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. हात थांबला नाही त्यांचा, फक्त भाकरी वेडीवाकडी झाली.

"अगो, मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"त्यांना लागलं असतं."

"आता किती लागेल?" त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "बाई माझे, आता बोलू नकोस. मी या माणसाबरोबर जन्म काढलाय. एकदा आख्यानात तिथी चुकली होती, तर आठ दिवस जेवण गोड लागलं नव्हतं त्यांना. गादीवरून खोटं गेलं असं कळलं ना, तर पुन्हा उभे राहायचे नाहीत ते. आणि कीर्तन सुटलं की काय उरलं त्यांचं?"

"पण शेखरकडे जाणार आहेत ते."

"जाऊ देत. पूजाच करणार ना, काय तोफ डागतायत?"

मी मनाशी म्हटलं, शेखरच्या संगणकांना काचेची दारं असतील, बाहेरून कुंकू लागेल आणि निभावेल.

दालन नव्या रंगाच्या वासानं भरलं होतं. भिंतीकडेनं संगणक मांडलेले, प्रत्येकाच्या पोटात निळे-जांभळे दिवे पळत होते. अप्पा दारातच थबकले.

"अरे शेखर, ही तर तू दिवाळीच पेट्यांत भरलीस!"

"आत बघा बुवा, आत. ही विटेएवढी पट्टी दिसते ना, चित्रं सगळी हीच काढते. माझ्या दुकानाच्या जुन्या सगळ्या मशिनी विकल्या ना, तेव्हा ह्या आल्या. आणि तिला गार ठेवायला पंखे बघा किती!"

पंखे फिरत होते. सगळे उघडे. काचा काढून भिंतीला टेकवून ठेवलेल्या होत्या.

"काचा का काढल्यास?" मी विचारलं.

"पूजेसाठी, वहिनी! बुवांनी सांगितलं ना कीर्तनात, कुंकू-अक्षता थेट यंत्रावर वाहिल्या म्हणून. मग आमच्याला काचेवरून कशाला? पोचू दे की आत." शेखरची बायको नव्या साडीत तबक घेऊन उभी होती. त्यांची धाकटी मुलगी तिच्या कडेवर पेंगत होती. आळीतली दहा-वीस माणसं दाराशी गोळा झालेली, माईसुद्धा त्यांत.

अप्पांनी आचमन केलं. फूल पाण्यात बुडवलं. मुठीत अक्षता घेतल्या, भरपूर. पहिल्या संगणकापुढे गेले. मला पंख्यांची घरघर ऐकू येत होती आणि माई माझ्याकडे पाहत होत्या. त्यांनी मान हलवली, अगदी जराशी. नको.

अप्पांची मूठ वर गेली.

"अप्पा, थांबा."

त्यांनी वळून पाहिलं आणि त्यांचा चेहरा फुलला. "ये, ये! तूच वाहा. खरा मान तुझाच."

"तसं नाही अप्पा. आत नका वाहू. तांदूळ गेला तर पंखा अडतो. यंत्र तापून बंद पडतं. आणि पाणी तर अजिबात नको."

"अगं, असं कसं? तुझ्या यंत्राला तर मी..."

ते तिथेच थांबले. मूठ अजून वरच होती.

"माझंही बंद पडलं होतं, अप्पा. पाहुण्यांच्या समोर. त्यांनी नाही घेतलं ते."

पंखेच तेवढे चालू होते. अप्पांनी मूठ हळूहळू खाली आणली, पण उघडली नाही.

शेखर शहाणा. त्यानं झटदिशी एक काच उचलली. "मग बाहेरून करू बुवा! देवाला काय काच आडवी येते?" आणि मदतीच्या पोराला म्हणाला, "चल रे, लाव ती दुसरी."

काचा लागल्या. अप्पांनी प्रत्येक काचेवर कोरड्या बोटानं कुंकू टेकवलं. एक टिळा ओघळल्यासारखा लांब झाला. त्यांनी शेखरला आशीर्वाद दिला, त्याच्या मुलीच्या गालाला हात लावला, पेढा घेतला. खाल्ला नाही, उपरण्याच्या टोकाला बांधला.

घरी येताना ते पुढे आणि मी मागे. माई शेट्यांकडेच थांबल्या. चढावर येऊन ते उभे राहिले, धाप लागली होती म्हणून.

"तू फोनवर छान झालं म्हणालीस."

"हो."

"मी रागावलो असतो असं वाटलं तुला?"

"नाही अप्पा. तुम्हाला लागलं असतं."

"मग?"

त्यांनी थोडी वाट पाहिली आणि चालू लागले.

जेवले नाहीत. पडवीत भिंतीला टेकून बसले. माईंनी ताट वाढून आणलं, परत नेलं. मला वाटलं त्या आता मला बोलतील. त्या ताट झाकून माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मी मान हलवली होती, ते चुकलंच माझं. त्या पोराचं सगळं दुकान बसलं असतं गो."

"ते उभे राहतील ना माई?"

"मला नाही सांगता येत."

दुपार कलायला लागली. माईंनी नेहमीसारखं धोतर, उपरणं, फेटा पलंगावर काढून ठेवला आणि त्या आत गेल्या. मी दाराआडून पाहत होते. अप्पांनी खूप वेळ त्या कपड्यांकडे पाहिलं. देवळातून पेटीचा सूर लागल्याचा आवाज आला. पेटीवाल्यांनी सूर दोनदा थांबवला, पुन्हा लावला. मग अप्पा उठले. धोतर नेसले, उपरणं घेतलं. फेटा मात्र हातातच ठेवला.

देऊळ भरलेलं होतं. बाजारातली बातमी तोवर घरोघर पोचली होती, हे माणसं ज्या तऱ्हेनं माझ्याकडे पाहत नव्हती त्यावरून कळत होतं. मी खांबापाशी बसले. हार घेऊन गुरव पुढे आले. अप्पांनी हात आडवा केला. ते गादीवर चढलेच नाहीत. तिच्या बाजूला, नुसत्या फरशीवर उभे राहिले.

"मंडळी, परवा इथून मी तुम्हाला सांगितलं, की माझ्या पूजेनं सूनबाईचं यंत्र चाललं. ते खरं नव्हतं. माझ्याच हातच्या अक्षतेनं ते बंद पडलं. तिच्या इतक्या दिवसांच्या कष्टांवर पाणी पडलं."

कुठेतरी बांगड्या वाजल्या. मला उठून ओरडावंसं वाटलं की खोटं मी बोलले, बुवा नाही. मी अर्धी उठलेही. अप्पांनी नुसता तळवा दाखवला. बस.

"आता तुम्ही म्हणाल, बुवांना ठाऊक नव्हतं. तिनं सांगितलं नाही. खरंय, नाही सांगितलं. मी आज दिवसभर हाच विचार करत बसलो होतो, की का नाही सांगितलं? मंडळी, मी इतकी वर्षं इथे उभा राहून हे अंगठे नाचवले. तुम्ही हसलात. ती तिथे, त्या खांबापाशी बसायची. मला दिसायची. मान खाली घालायची, तेही दिसायचं. तरी मी पुढच्या वेळी पुन्हा अंगठे नाचवायचो, कारण हशा येत होता. ज्यानं चारचौघांत हसू केलं, त्याच्यापाशी माणूस आपलं दुःख घेऊन कसं येईल? त्याला छानच झालं म्हणून सांगेल. तसं तिनं सांगितलं."

अप्पांनी घसा साफ केला.

"तेव्हा खोटं जे बोललं गेलं, ते माझं. आज मी इथे उभं राहावं की नाही, तुम्ही सांगा. नको म्हणालात तर खाली बसतो, आणि नुसतं नाम घेऊ."

बुवांना असं विचारताना कुणी कधी ऐकलं नव्हतं. शेवटी मागून गोळेकाकूंचा आवाज आला, जरा चिरका, जरा रागावलेला.

"उभे राहा हो बुवा! घरी म्हशीची धार काढायचीय मला. तुम्ही विचारत बसलात तर आरती कधी व्हायची?"

हसू आलं ते आधी दबकत, मग मोकळं. शेखर शेट्ये तर मांडीवर थाप मारून हसला. अप्पाही हसले आणि उपरण्यानं डोळे पुसून गादीवर चढले. गुरवांनी हार घातला.

कीर्तन काही रंगलं नाही त्या दिवशी. उपाशी पोटी आवाज लागत नव्हता, वरचा सूर दोनदा फाटला, आख्यानातला एक भाग राहूनच गेला. पण मी आयुष्यात जी कीर्तनं ऐकली त्यांतलं मला ओळ न् ओळ आठवतं ते हेच.

आरती झाली. माणसं ओळीनं पाया पडायला लागली. माझ्या मनात आलं होतं की मागच्या दारानं निघून जावं, पण ओळीत माईंनी मला स्वतःच्या पुढे उभं केलं. एकेक जण वाकत होता, अप्पा कपाळाला बुक्का लावत होते. माझी पाळी आली. मी वाकले ती पटकन उठलेच नाही. पायांवर कपाळ टेकून मी म्हटलं, "अप्पा, चुकले मी."

"ते झालं गं," ते म्हणाले. त्यांनी मला खांद्याला धरून उठवलं, अंगठ्यानं बुक्का लावला आणि हात तिथेच ठेवला. मग मान माझ्याकडे झुकवून, मागच्यांना ऐकू जाणार नाही असं हळू विचारलं, "त्या पाहुण्यांच्या पुढे तुला फार वाईट वाटलं का गं? एकटीच होतीस ना तिथे?"

ओळ खोळंबली होती. मागे कुणीतरी खाकरलं.

"हो अप्पा," मी म्हटलं, "फार वाटलं." आणि इतक्या आठवड्यांनी मला रडू आलं.